टेकडीवाले, वकीलसाहेब आणि आम्ही

मार्च लागला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचा आवाज बदलतो. संध्याकाळचं क्रिकेट बंद पडतं, घरोघरचे टीव्ही हळू होतात आणि प्रत्येक जिन्यात कुणीतरी मांडीवर पुस्तक घेऊन पुटपुटत बसलेलं असतं. दुपारचं ऊन चटका देतं, पण सावलीत अजून बरं वाटतं. कोपऱ्यावरचा नीलमोहर फुलतो आणि त्याच्याखाली लावलेल्या स्कूटरांच्या सीटवर जांभळा सडा पडतो. गुऱ्हाळाची घुंगरं वाजू लागतात. पुण्यातला मार्च हा परीक्षेचा महिना. ज्याची परीक्षा नसते तोही उगीचच धास्तावलेला असतो.

परवा माझी लेक इतिहासाचं पुस्तक घेऊन समोर बसली. धडा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा होता. "आई, या दोघांवर टीप लिहायची आहे. पॉइंटवाइज सांग ना."

मी पुस्तक पाहिलं. दोघांच्या वाट्याला मिळून चार ओळी आल्या होत्या. दोघेही त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, एवढंच त्यातून कळत होतं.

"यातल्या एकाला खताचं फार वेड होतं," मी म्हणाले. "समुद्रकाठचं शेवाळ, शेण, चिखल. कशात काय मिसळलं की जमीन सुधारते, यावर तो पानंच्या पानं लिहायचा. आणि दुसरा रोज सकाळी उठून हवेत गारठा किती आहे ते टिपून ठेवायचा."

"आई, हे पेपरला येणार नाहीये."

"नाही येणार. पण खरं आहे."

"तुला काय माहीत?"

मला काय माहीत! अगं बाई, असाच एक मार्च होता आणि त्या मार्चमध्ये मी या दोघांच्या घरात राहत होते. त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत माझी ये-जा होती. एकाला दाढदुखी झाली की मला कळायचं, दुसऱ्याच्या लेकीची तब्येत बिघडली की माझा जीव खालीवर व्हायचा. हे सगळं तिला सांगायला गेले असते तर टीप राहिली असती बाजूला. म्हणून तिला पाच पॉइंट सांगितले आणि गॅलरीत येऊन बसले. खाली नीलमोहराची फुलं पडतच होती.

त्या दोघांची नावं मी इथेही लिहिणार नाही. ज्या कंपनीत त्यांची पत्रं माझ्यासमोर आली, तिथे शिरताना आमच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली होती. दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची कसली आलीय गुप्तता, असं कुणीही म्हणेल. पण सही म्हणजे सही. शिवाय आम्ही त्यांना जी नावं ठेवली होती तीच मला त्यांची खरी नावं वाटतात. एक जण डोंगरमाथ्यावर घर बांधून राहायचा म्हणून तो टेकडीवाले. पुण्यात रोज टेकडीवर जाणाऱ्या माणसाला मानच असतो, त्यामुळे हे नाव पडायला वेळ लागला नाही. दुसरा मूळचा वकील, आणि पत्रातही समोरच्याची उलटतपासणी घेतल्यासारखा लिहायचा. तो वकीलसाहेब.

ते दिवस असे होते की सगळं पुणं कॉम्प्युटर शिकत होतं. ज्या भिंतीवर पूर्वी मोरावळ्याची जाहिरात असायची त्या भिंतीवर जावाच्या क्लासची जाहिरात आली होती. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवतायत अशा बातम्या होत्या, आणि ज्याचा भाचा अमेरिकेत नव्हता तो मनुष्य लग्नसमारंभात कोपऱ्यात बसायचा. मी यवतमाळची. इतिहासात एम.ए. आणि बी.एड. करून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलेली, कर्वेनगरात एका खोलीत चार कॉट असलेल्या घरात राहणारी. परीक्षा दिली आणि पडले. घरी जायला पाय निघेना म्हणून मिळेल ते काम धरलं.

ते काम मिळालं एका मंगल कार्यालयात. म्हणजे कार्यालय बंद पडलं होतं आणि वरच्या मजल्यावर साठे सरांनी डेटा एंट्रीची कंपनी काढली होती. भिंतींना रंग देण्याइतके पैसे सरांकडे नव्हते किंवा त्यांना ते द्यायचे नव्हते, त्यामुळे जुन्या पाट्या तशाच होत्या. 'चपला स्वतःच्या जबाबदारीवर काढाव्यात.' 'अन्न टाकणाऱ्यांनी पुढच्या वेळी दुसरे कार्यालय पाहावे.' आणि समोरासमोरच्या दोन खोल्यांवर 'वधूपक्ष' आणि 'वरपक्ष'. या दोन खोल्या पाहूनच सरांनी जागा घेतली असावी, कारण आमच्या कामाला नेमकं तेच हवं होतं.

काम असं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने या पुढाऱ्यांच्या हस्तलिखित पत्रांची छायाचित्रं काढली होती आणि ती सगळी पत्रं टाइप करून हवी होती. एकच पान दोन बायका वेगवेगळं टाइप करायच्या, एक वधूपक्षात बसून आणि एक वरपक्षात. मग कॉम्प्युटर दोन्ही पानं ताडून पाहायचा आणि जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण करायचा. दोन माणसं एकाच जागी एकसारखी चूक करणार नाहीत, हा त्यातला हिशेब. म्हणून दोन खोल्यांनी पानाबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही, असा कडक नियम होता. लाल खुणा माझ्याकडे यायच्या. मूळ पान बघून कोणाचं बरोबर ते मी ठरवायचं. माझी जागा हॉलच्या टोकाला, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडत त्या स्टेजवर होती.

"वऱ्हाडातून आलीस ना? मग बस स्टेजवर. शोभतेस हो," ठकार काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

सदाशिव पेठेतल्या ठकार काकू वरपक्षात बसायच्या. कोर्टात टायपिंग करण्यात आयुष्य घालवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, नऊवारी सोडून पाचवारीत आल्यालाही बराच काळ लोटलेला, पण जिभेची धार तशीच. वधूपक्षात शबाना. भवानी पेठेतली, तिच्या आजोबांच्याही आधीपासून घरात पुस्तकबांधणीचा धंदा. कागद हातात न घेता, नुसता पडद्यावर बघून ती सांगायची की हा घडी घालून खिशात ठेवलेला होता आणि हा पेटीत सपाट राहिलेला आहे. काकू आणि शबाना डबा एकत्र खायच्या, काकूंचं मेतकूट आणि शबानाकडची खिचडा-चटणी यांची देवाणघेवाण व्हायची, पण पानांचा विषय निघाला की दोघी तोंडाला कुलूप लावायच्या. नियम म्हणजे नियम.

सरांचा दुसराही एक नियम होता. "वाचायचं नाही. नुसतं बघायचं आणि टाइप करायचं," ते सांगायचे. "तिकडची माणसं टाइप करताना वाचतात, मग मनानेच दुरुस्त्या करतात. आपल्याला अर्थ लागत नाही, म्हणून आपण जसंच्या तसं उतरवतो. कळत नाही, हीच आपली क्वालिटी आहे."

"अहो, मग माकडं का नाही बसवलीत?" वरपक्षातून आवाज आला. "चण्यांवर भागलं असतं."

खरं सांगू? आम्ही वाचायचो. सगळ्याजणी वाचायचो. कसं वाचणार नाही? दिवसभर एखाद्या माणसाचं अक्षर डोळ्यांसमोर असलं की तो माणूस हळूहळू घरातलाच होऊन जातो. टेकडीवाल्यांचं अक्षर नेटकं, ओळी सरळ, कुणाचंही मन न दुखावता आपल्याला हवं ते सांगायची हातोटी. त्यांच्याकडे म्हणे दोन टाकांचं एक यंत्र होतं. एका टाकाने लिहायला लागलं की शेजारचा टाक दुसऱ्या कागदावर तेच आपोआप उतरवायचा. "म्हणजे वरपक्ष-वधूपक्ष एकाच टेबलावर," काकू म्हणाल्या. वकीलसाहेबांचं अक्षर मात्र म्हातारपणी थरथरायला लागलं होतं. राग आला की ओळ वर चढायची. त्यांच्या बायकोचीही पत्रं अधूनमधून यायची, आणि ती आली की शबाना खुशीत असायची. नवरा राजकारण करत देशोदेशी फिरतोय आणि ही बाई शेत सांभाळते, मुलं वाढवते आणि वर नवऱ्याला राजकारणाबद्दल चार गोष्टी सुनावते. "ही आमच्या गल्लीत असती तर नगरसेवक झाली असती," शबाना म्हणायची.

भाबडेपणा मात्र आमच्यात नव्हता. टेकडीवाले स्वातंत्र्यावर इतकं सुंदर लिहायचे की टाइप करता करता बोटं थांबायची. आणि त्याच माणसाच्या टेकडीवर विकत घेतलेली माणसं राबत होती. तेही पत्रांत येई, बी-बियाण्यांच्या आणि घोड्यांच्या जोडीनेच. पहिल्यांदा तसं पान आलं त्या दिवशी शबाना डबा न उघडता बसली. मग म्हणाली, "टेकडीवर राहायचं यांनी, आणि पाणी वर वाहायचं दुसऱ्यांनी." त्या दिवसानंतर टेकडीवाल्यांचा आमच्याकडचा भाव जरा उतरला. तरी पत्रं वाचायचं कुणी थांबवलं नाही.

या दोघांची मैत्री जुनी होती. देश नवा उभा करताना खांद्याला खांदा लावून उभे होते. मग दोन पक्ष झाले, निवडणूक आली, टेकडीवाल्यांनी वकीलसाहेबांना हरवलं, आणि पुढे कित्येक वर्षं दोघं एकमेकांना चकार शब्द लिहीनात. म्हातारपणी एका जुन्या मित्राने दोघांच्या मागे लागून, इकडे गोंजारून, तिकडे डिवचून, पुन्हा पत्रं सुरू करून दिली. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गठ्ठ्यात नेमकी ती पत्रं होती. हा गठ्ठा म्हणजे आमची परीक्षा. तो जमला तर सगळी पत्रं आमच्याकडे येणार, काही वर्षांचं काम. नाही जमला तर पुन्हा आधीसारख्या टेलिफोन डिरेक्टऱ्या टाइप करायच्या.

माझी परीक्षा याहून वेगळी नव्हती. यवतमाळला बाबांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, त्यांच्या जुन्या शाळेत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काहीतरी भक्कम दाखव, नाहीतर घरी ये, असं त्यांनी सांगितलं होतं. मी काय काम करते ते एसटीडी बूथवरून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "टायपिंगच करायचं होतं तं पुण्याले कायले गेली? यवतमाळात का टायपिंगचे क्लास नोयते?" मीही त्यांचीच लेक. संक्रांतीला घरी गेले नाही. तेव्हापासून त्यांनी पत्र लिहिणं बंद केलं. फोन केला की आई म्हणायची, "बाबा घरी नाईत ना," आणि तिच्या मागे बाबांचा खोकला मला स्वच्छ ऐकू यायचा. बूथच्या काचेबाहेर पोरं परीक्षेच्या गाईडच्या झेरॉक्स काढायला रांगेत उभी असायची. मी फोन ठेवून उसाचा रस प्यायचे आणि चालत घरी जायचे. मला पुण्यात राहायचं होतं. पण बाबांशी भांडून नव्हे, त्यांना सांगून राहायचं होतं. आणि सांगायला हातात काहीतरी हवं होतं.

गठ्ठा गेला. आमच्या कॉम्प्युटरच्या मते काम इतकं चोख झालं होतं की सरांनी नवीन खुर्च्यांचे भाव काढायला सुरुवात केली. आणि मग एका संध्याकाळी विद्यापीठातल्या संपादक बाईंचा फोन आला. त्यांची तेव्हा सकाळ होती. सरांनी फोनचा स्पीकर लावला, स्टेजवर माझ्या टेबलाशेजारी ठेवला, आणि आम्ही तिघी भोवती उभ्या राहिलो. बाईंचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, सावकाश बोलणारा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वकीलसाहेबांच्या एका पत्रात दोन ओळी खोडलेल्या आहेत. खोडलेला मजकूरही टाइप करायचा आणि त्याला खूण करायची, असं सूचनांमध्ये स्पष्ट होतं. पण आम्ही पाठवलेल्या पानात त्या ओळीच नाहीत. चूक झाली हे एक वेळ ठीक. पण दोन वेगवेगळ्या माणसांनी नेमक्या त्याच दोन ओळी कशा गाळल्या? "मला विचारणं भाग आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही खरंच दोनदा टाइप करता, की एकदा करून त्याची नक्कल काढता?"

आमच्या धंद्यात याहून मोठा आरोप नाही. चुका सगळ्यांच्याच होतात, पण हा आरोप लबाडीचा होता. सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि सॉफ्टवेअर, अपडेट, तांत्रिक अडचण असं काहीबाही बोलायला सुरुवात केली.

"सर, बाजूला व्हा," ठकार काकू म्हणाल्या. आणि कोर्टात साक्षीदाराने बोलावं तशा ताठ उभ्या राहून, त्यांच्या त्या ठणठणीत इंग्रजीत फोनला म्हणाल्या, "सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. त्या ओळी मी वाचल्या, आणि मी गाळल्या."

सरांनी डोळे मिटले. वाचल्या! नियमच मोडला होता.

"का?" बाईंनी विचारलं.

"निवडणुकीतला जुना राग होता. त्यांनी मित्राला फार कडू लिहिलं, आणि मग स्वतःच खोडलं. माणसाने रागात म्हटलं आणि मागे घेतलं, म्हणजे म्हटलंच नाही. ते मी कशाला चव्हाट्यावर आणू? मला वाटलं, शबाना टाइप करेल, मग फरक दिसेल, आणि काय करायचं ते ही आमची पोरगी ठरवेल."

मी शबानाकडे पाहिलं. ती काकूंकडे बघत होती, तोंडावर हात ठेवून.

"काकू," ती मराठीत म्हणाली, "मीपण गाळल्या. मला वाटलं तुम्ही टाइप कराल. आमच्या घरात कुणी रागात बोललं आणि माफी मागितली, तर अब्बा ते पुन्हा काढू देत नाहीत. मी म्हटलं, हे यांच्या घरातलं आहे." मग तिने तेच, अडखळत, इंग्रजीत फोनला सांगितलं.

मला आजही तो क्षण आठवला की छाती भरून येते. समोरासमोरच्या दोन खोल्या, मध्ये लग्नाचा हॉल, नियमाप्रमाणे एक शब्द बोलणं नाही. आणि एक सदाशिव पेठेतली, एक भवानी पेठेतली, अशा दोन बायकांनी साता समुद्रापलीकडच्या दोन म्हाताऱ्यांची अब्रू एकाच वेळी, एकाच ठिकाणी झाकली होती. त्यांच्या मनाचं इतकं जुळलं होतं की कॉम्प्युटरला फरकच सापडला नाही.

फोनवर बाई म्हणाल्या, "मला तुमची भावना समजते. पण माझं काम लपवण्याचं नाही. त्यांनी जे लिहिलं ते दाखवण्याचं आहे."

माझ्यासमोर पडद्यावर ते पान उघडं होतं. इतका वेळ मी त्याच्याकडे बघतच होते. लाल खूण नव्हती म्हणून हे पान माझ्याकडे कधी आलंच नव्हतं, आज पहिल्यांदाच बघत होते. आणि बघता बघता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. माझं इंग्रजी काकूंसारखं नव्हतं, पण म्हटलं आता नाही बोलले तर यवतमाळलाच जावं लागेल.

"मॅडम," मी म्हणाले, "त्यांनी इतर ठिकाणीही खोडलं आहे. तिथे शाई फासून फासून असं केलंय की अक्षरच दिसत नाही. त्यांना लपवायचं असतं तेव्हा ते तसं करतात. इथे एकच बारीक रेघ आहे. सगळं वाचता येतं. आणि कागद बदलून स्वच्छ प्रत पाठवता आली असती, तीही पाठवली नाही. मला वाटतं, मित्राने ते वाचावं अशीच त्यांची इच्छा होती. मला राग होता हेही कळू दे, आणि मी तो मागे घेतला हेही कळू दे."

काकू माझ्याकडे वळल्या. शबाना पडद्यावर वाकली आणि त्या रेघेकडे बघत राहिली. मग काकू हळूच म्हणाल्या, "अगं हो की. मग गाळली ती चूकच झाली आपली. खोडणं हेच तर त्याचं सांगणं होतं."

"आणखी कुठे तसं दाट खोडलंय, ती पानं सांगा," बाई म्हणाल्या. मी सांगत गेले, काकू आणि शबाना आठवून भर घालत गेल्या, आणि पलीकडून कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. साठे सर एका खुर्चीवर बसून घेऊन ऐकत होते. शेवटी बाई म्हणाल्या की पान दुरुस्त करून पाठवा, उरलेलं नंतर कळवते.

पुढचे काही दिवस आम्ही टेलिफोन डिरेक्टऱ्या टाइप केल्या. परीक्षा देऊन निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखी आमची तोंडं झाली होती. काकू म्हणत, "काम गेलं तर गेलं. चोर म्हणून तरी नाही गेलं." आणि मग एका सकाळी सरांनी ई-मेलचा छापील कागद आणून 'अन्न टाकणाऱ्यांनी' या पाटीखाली चिकटवला. सगळी पत्रं आमच्याकडे येणार होती. सोबत एक नवी सूचना होती: प्रत्येक पानाखाली शेऱ्यासाठी जागा ठेवावी, आणि टाइप करणाऱ्याला वाचताना जे जाणवेल ते तिने तिथे लिहावं.

वाचताना! त्या एका शब्दावर शबानाने बोट ठेवलं आणि ते तिथेच धरून उभी राहिली. सरांनी सगळ्यांसाठी गुऱ्हाळातून आलं-लिंबू घातलेला रस मागवला आणि म्हणाले, "मी आधीपासून म्हणतच होतो, समजून काम करायला हवं." काकूंनी ग्लास तोंडाला लावून ठेवला, म्हणून त्यांना उत्तर देता आलं नाही.

लोक म्हणतात, त्या काळात आपण परदेशची हमाली केली. केली असेल. आयटीतल्या मोठमोठ्या मंडळींचं मला ठाऊक नाही. पण आमच्या त्या बंद पडलेल्या मंगल कार्यालयाबद्दल कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं. एका देशाच्या कर्त्या माणसांचं भांडण आणि दिलजमाई आम्ही नीट, मान राखून, जशीच्या तशी जगापुढे ठेवली. त्या पानांवर आमचं नाव कुठे नाही. नसू दे. आमचे शेरे आहेत, आणि ते आम्ही ओळखतो.

त्या रात्री नाही, पण त्या रविवारी मी बाबांना पत्र लिहायला बसले. सगळं लिहिलं. काम मिळालं ते, काकू आणि शबाना, दोन खोल्या, दोन म्हातारे आणि ती बारीक रेघ. लिहिता लिहिता राग वर आला आणि मी लिहून गेले: 'फोनशेजारी बसून खोकता, पण बोलत नाही. तुम्हाला माझी लाज वाटते का?' लिहिलं आणि हात थांबला. मी त्या ओळीवर एक रेघ मारली. आमच्या घरी आधी कच्चं लिहायचं आणि मग स्वच्छ कागदावर उतरवून पाठवायचं, अशी बाबांची शिस्त होती. मी कोरा कागदही काढला होता. पण तो पुन्हा पॅडमध्ये सारला आणि लिहिलं होतं तसंच पत्र डेक्कनच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं.

उत्तर यायला एप्रिल अर्धा सरला. तोवर परीक्षा संपल्या होत्या, पोरं रस्त्यावर उतरली होती आणि मंडईत हापूसच्या पेट्या दिसायला लागल्या होत्या. अंतर्देशीय पत्रावर बाबांचं अक्षर, फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं आणि गोल. त्यांनी आईच्या गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं, विहिरीला पाणी किती आहे ते लिहिलं होतं. ठकार काकूंना नमस्कार आणि शबानाला आशीर्वाद सांगितले होते. टेकडीवाल्यांबद्दलही होतं: माणसं विकत घेणाऱ्याचं स्वातंत्र्य जपून वाच, पण वाच जरूर. मी मंगल कार्यालयाच्या जिन्यातच उभी राहून वाचत होते, खालून येणारी माणसं मला वळसा घालून वर जात होती.

उभ्या जन्मात बाबांच्या पत्रात मी खोडाखोड पाहिली नव्हती. या पत्रात शेवटाजवळची एक ओळ खोडलेली होती. एकच बारीक रेघ, पट्टीने ओढल्यासारखी सरळ, आणि तिच्याखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं: 'घरी ये.' त्याखाली लिहिलं होतं, 'शाळेत जाऊन सांगून आलो. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, म्हटलं. आमची अर्चना पुण्यात कामाला आहे.'